तोंडात बर्फ

सकाळी चहा हातावर सांडला आणि हात माझ्या आधी मागे गेला. झालं ते एवढंच. रुग्णालयाच्या फाटकासमोरच्या टपरीवर गेली अकरा वर्षं मी ड्यूटीवर जाण्याआधी उभ्याउभ्या चहा पिते. आज कुणाच्या तरी पिशवीचा धक्का चहावाल्याच्या कोपराला लागला आणि उकळता चहा माझ्या मनगटापासून बोटांपर्यंत गेला. मी ओरडले. नुसती ओरडले नाही, त्या चहावाल्याचे डोळे, त्याचे हात, त्याला जन्माला घालणारे, सगळ्यांचा उद्धार केला. तो बिचारा 'चुकलं ताई, चुकलं' म्हणत माझ्या हातावर गार पाणी ओततोय, रस्त्यातली माणसं थांबून बघतायत, आणि मी, बावन्न वर्षांची बाई, केमोच्या वॉर्डातली सगळ्यात जुनी सिस्टर, हात झटकत नाचतेय. मग पाणी गार लागलं, आग जरा कमी झाली, आणि डोक्यात आलं की मागे जा म्हणून मी हाताला सांगितलं नव्हतं. तो आपला आपण गेला. भाजलंय हे मला कळायच्या आत गेला. तिचा, माझ्या त्या पेशंटचा, हात का गेला नाही? तिच्या हातात तर चहा नव्हता, आगच होती, आणि ती आत होती, कातडीच्या खाली, आणि पुरी दोन मिनिटं हात जागचा हलला नाही. मला उत्तर माहीत होतं. हात मागे जाणार कसा, तो मी धरला होता. चहाचे पैसे देऊन मी फाटकातून आत गेले. चहावाला मागून विचारत होता, दुसरा देऊ का, फुकट देतो.

तिला वॉर्डात सगळे घड्याळवाली म्हणतात. जुन्या बाजारात एका इमारतीच्या जिन्याखाली तिचं दुकान आहे, दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि मागे भिंतभर बंद पडलेली घड्याळं. वडिलांचा धंदा. ते गेल्यावर भावाला नको होता, हिने घेतला. वय बेचाळीस, लग्न नाही, भाऊ-भावजयीकडे राहते. मानेत आणि काखेत गाठी आल्या, तपासलं तर कॅन्सर, पण त्यातल्या त्यात बरा होणारा. एकवीस दिवसांनी एकदा अशी सहा वेळा केमो घ्यायची आणि सुटायचं. त्या केमोत एक लाल औषध असतं. शिरेत गेलं तर औषध, शिरेबाहेर गेलं तर मांस जाळत जातं, आणि जाळायचं लगेच थांबत नाही, आठवडेच्या आठवडे जाळत राहतं. म्हणून ते बाटलीला लटकवून सोडून द्यायचं नसतं. सिस्टरने शेजारी स्टूल घेऊन बसायचं, मोठी सिरिंज हातात धरून हळूहळू ढकलायचं, मधे मधे मागे ओढून रक्त येतंय ना बघायचं, सुईची जागा बघायची, आणि विचारत राहायचं. या औषधाने नंतर तोंड येतं, पाणीसुद्धा गिळवत नाही असं येतं, म्हणून ते चालू असताना पेशंटच्या तोंडात बर्फाचे खडे देतात. चघळत बसायचं. तोंड गार राहिलं की औषध तिथे कमी पोहोचतं. हे सगळं शास्त्रातलं आहे. तोंडात बर्फ असला की बडबड बंद राहते, हा शोध माझा. नव्या सिस्टरना मी तो हसत हसत शिकवत आले.

माझं नाव वॉर्डात कुणी घेत नाही. मला एकटोच म्हणतात. एका टोचणीत शीर सापडते म्हणून. केमोने शिरा जळून दोरीसारख्या होतात, बुजून जातात, काही पेशंटच्या दोन्ही हातांवर चार चार वेळा टोचून दमलेल्या पोरी मला बोलावायला येतात, आणि मी हात बघते, दोन बोटांनी दाबते, आणि एका टोचणीत आत. दुसरी टोच शेवटची कधी लागली ते मला आठवत नाही. खोटं, आठवतं, चारशे अकरा दिवसांपूर्वी. मी मोजते. मेट्रनबाई माझ्याच हातावर टोचायला शिकल्या, तीन वेळा चुकल्या होत्या, ते मी त्यांना अधूनमधून आठवण करून देते. मी माणसांचे चेहरे विसरते, शिरा विसरत नाही. दुकानात सुटे पैसे घेताना, बँकेत, जिन्याच्या कठड्यावर, मला आधी हात दिसतो, मग त्याच्या मागे माणूस असतो. नवरा होता तेव्हा त्याच्या दंडावरची शीरसुद्धा मी झोपेत चाचपत असे. तो म्हणायचा, तुझा स्पर्श झाला की मला वाटतं आता टोचणार. पुढे तो गेला, म्हणजे मेला नाही, दुसरीकडे राहायला गेला. त्याच्या शिरा छान होत्या.

पहिल्या केमोला घड्याळवाली आली तेव्हा टोचताना तिने हात ओढून घेतला होता. सगळेच घेतात. मी तिला सगळ्या वॉर्डासमोर झाडलं. म्हटलं, 'बाई गं, इथे तुझ्या आधी अडीचशे बायका बसून गेल्या, त्यांना काय हात नव्हते? का तुझाच तेवढा सोन्याचा?' पलीकडच्या खुर्च्यांतून दोघी-तिघी हसल्या. वॉर्डात पेशंट माझ्या बाजूने असतात, कारण सुई माझ्याकडे असते. तिचं तोंड एवढंसं झालं. मग मी मऊ झाले, मला जमतं ते, आणि म्हटलं, 'हे बघ, हललीस तर मी उठून जाईन आणि त्या नव्या सिस्टरला पाठवीन. तिला तीन टोचा लागतात. चालेल?' ती नको म्हणाली. हात पुढे केला आणि ठेवला. 'आता कशी शहाणी,' मी म्हटलं, आणि ती चक्क लाजली. बेचाळीस वर्षांची बाई, शहाणी म्हटल्यावर लाजली. मी पेशंटना शहाणी म्हणते तेव्हा ते मोठ्याने म्हणते, म्हणजे पलीकडच्या खुर्चीलाही ऐकू जातं. मग पलीकडची जास्त शहाणी होते. असा वॉर्ड चालतो. आमच्याकडे कुणी रडत नाही, बाहेरून बघायला येतात ते याचं कौतुक करतात.

दुसऱ्या केमोला मी उजवा हात मागितला. ती म्हणाली, 'सिस्टर, जमलं तर डावा घ्या ना. उजव्यात चिमटा धरते मी.' डाव्या हातावर एक शीर होती, कोपराखाली, बारीक पण सरळ. घेता आली असती. उजव्या हाताच्या पाठीवरची मात्र वर तरंगत होती, आंधळ्यालाही सापडली असती, आणि मागे स्टुलांवर शिकाऊ पोरी बसल्या होत्या, आणि चारशे अकराचा तेव्हा तीनशे नव्वद का काय आकडा होता. 'शीर मी निवडते,' मी म्हटलं. एका टोचणीत गेली. रक्त आलं, सलाइन चालू झालं. पोरींनी माना हलवल्या. आणि घड्याळवाली एक डोळा मिटून, दुसरा बारीक करून, भिंगातून बघावं तशी सुईकडे बघत म्हणाली, 'ही जरा वाकडी बसलीय का?'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीस वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. मोठे डॉक्टर मला विचारत नाहीत. मी म्हटलं, 'घड्याळं तू बघ, शिरा मी बघते.' पोरी खिदळल्या. ती बघतच होती. तिला बघू नकोस म्हणून सांगता येत नव्हतं, तिची नजरच तशी, जिथे काही फिरत असेल तिथे चिकटते. मग मी एक कापसाची घडी घेतली, सुईच्या जागेवर ठेवली, वरून रुंद चिकटपट्टी मारली, आणि तिची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. 'तिकडे बघ. झाडं आहेत.' लाल औषध चालू असताना सुईची जागा झाकायची नाही, हे मी पहिल्या दिवशी पोरींना शिकवते. त्याच पोरी बघत बसल्या होत्या, आणि एकीनेही विचारलं नाही. विचारणार कशी, एकटोचला?

मग मी तिच्या तोंडात बर्फ घातला आणि औषध ढकलायला लागले. पहिली सिरिंज व्यवस्थित गेली. मी पोरींना माझ्या तरुणपणातली एक गोष्ट सांगत होते, एका पेशंटची शीर पायात सापडली होती ती. दुसरी सिरिंज अर्ध्याच्या पुढे गेली तेव्हा घड्याळवालीने डावा तळहात तोंडाशी नेला, बर्फ थुंकला, आणि म्हणाली, 'सिस्टर, जळतंय.' स्पष्ट म्हणाली. त्यात काही शंका नको. बर्फ तिच्या तळहातावर वितळत होता आणि ती माझ्याकडे बघत होती. चार मिलिलिटर राहिलं होतं. थांबायचं, सुई काढायची नाही, तीतूनच औषध मागे ओढायचं, पट्टी उचलायची, हातावर बर्फ ठेवायचा. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. माझ्या अंगठ्याला दट्ट्या जरा जड लागत होता, तेही मला कळलं होतं. पण पट्टी उचलली असती तर खाली काही तरी दिसलं असतं, आणि दिसलं असतं तर दुसरी टोच, आणि मागे पोरी. मी म्हटलं, 'जळणारच. औषध आहे, सरबत नाही. बर्फ तोंडात घाल.' आणि तिने घातला. तळहातावरचा अर्धा वितळलेला खडा तिने परत तोंडात घातला, खिडकीकडे तोंड केलं आणि हात ठेवला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो यापेक्षा सरळ असतो, त्यात निदान दाबणारा हात दुसऱ्याचा असतो. उरलेलं चार मिलिलिटर मी गोष्ट पुरी करत आत घातलं.

आई काटे काढायची तेव्हा मला खिडकीशी उजेडात बसवायची, माझा हात आपल्या दोन गुडघ्यांमध्ये घट्ट धरायची आणि शिवणाच्या सुईने टोकरायची. 'हललीस तर परत टोचीन.' हलले तर खरंच परत टोचायची, जिथे काटा नव्हता तिथे. थोरली बहीण रडायची, तिला दोनदा टोचायची. मी रडत नसे. काटा निघाला की आई म्हणायची, ही माझी खरी, आणि बहिणीकडे बघायची. त्या बघण्यासाठी मी मुद्दाम काट्यांतून चालत असे, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुढे आईला कॅन्सर झाला, पोटात, उशिरा कळला. शेवटचे दीड महिने ती माझ्याकडे होती आणि इंजेक्शनं मीच देत होते. आईची शीर सापडायला त्रास नव्हता, त्रास होता तो आईचा. ती हात ओढून घ्यायची, कण्हायची, बहिणीला हाका मारायची. मला नाही, बहिणीला. एके दुपारी मी पलंगाच्या कडेला बसले, तिचा हात माझ्या दोन गुडघ्यांमध्ये धरला आणि म्हटलं, 'गप. हलायचं नाही. हललीस तर परत टोचीन.' आईने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तिला आठवलं, हे मला दिसलं. मग ती मरेपर्यंत हलली नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, पुष्कळ बरं वाटलं, आणि लोक म्हणाले की लेकीने फार केलं.

त्या दिवशी औषध संपल्यावर पट्टी काढली तर खाली चिंचोक्याएवढी फुगवटी होती, कडेने लाल. मग मी सगळं केलं. मागे ओढलं, अर्धा मिलिलिटरही आलं नाही. बर्फाची पिशवी ठेवली, डॉक्टरना बोलावलं, मलम, इंजेक्शन, हात उंच, सगळं पुस्तकाबरहुकूम. पोरींना म्हटलं, होतं असं कधी कधी, शीर फुटते, नशीब. नोंदीत लिहिलं: औषध पूर्ण होताना सूज आढळली, त्याआधी रुग्णाची तक्रार नाही. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं. घड्याळवाली जाताना म्हणाली, 'सिस्टर, मी हलले नाही.' मी म्हटलं, 'नाही हललीस.' त्या वेळी ते कौतुकासारखं निघालं तोंडातून, सवयीने.

दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी, जातं मुंगीच्या पावलांनी, असं म्हणतात. हे आलंच मुंगीच्या पावलांनी. पहिले चार दिवस नुसतं लाल. आठव्या दिवशी फोड. मग कातडी काळी पडली, चामड्यासारखी, आणि त्या काळ्याच्या कडेने ओलं. ड्रेसिंगला ती दोनदा आली, दोन्ही वेळा मी खालच्या मजल्यावर काम काढलं. नव्या सिस्टरने ड्रेसिंग केलं आणि खाली येऊन मला सांगितलं की आत पांढरं दिसतंय, दोरीसारखं. स्नायूची दोरी. सर्जन म्हणाले, मांडीची कातडी काढून लावावी लागेल, पण आत्ता नाही, केमो संपल्यावर, आणि अंगठा आणि पहिलं बोट किती वळेल ते सांगता येत नाही. म्हणजे चिमटा धरायची दोन बोटं. पुढच्या केमोसाठी छातीत कायमची नळी बसवायचं ठरलं, पण तिची तारीख महिन्याने मिळाली, आणि गाठी तारखेची वाट बघत नाहीत. त्यामुळे तिसरी केमो आज, डाव्या हातातून. त्याआधी भावाने तक्रार केली. लेखी. दहा वाजता मेट्रनबाईंच्या खोलीत बोलावलं होतं. माझा उजवा हात चहाने लाल झालेला, त्यावर मलम लावून मी खोलीत गेले. दारातल्या शिपायाने हाताकडे पाहिलं तरी मला वाटलं त्याला सगळं माहीत आहे. खाई त्याला खवखवे.

खोलीत चार खुर्च्या होत्या. मेट्रनबाई, भाऊ, ती, आणि मी. तिने उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता, पांढऱ्या पट्टीत, आणि डावा त्याच्यावर झाकणासारखा. डोक्याला रुमाल. भाऊ मोठ्या आवाजाचा, लाकडाच्या वखारीत कामाला आहे म्हणे, हातावरच्या शिरा दोरखंडासारख्या. मेट्रनबाईंनी नोंद वाचून दाखवली. 'त्याआधी रुग्णाची तक्रार नाही,' त्या म्हणाल्या आणि वहीवरून वर बघितलं.

'तक्रार नाही?' भाऊ म्हणाला. 'हिने मला घरी सांगितलंय. बर्फ हातावर थुंकला आणि जळतंय म्हणून सांगितलं. ह्या बाई म्हणाल्या सरबत नाही. शब्दन् शब्द सांगितलाय हिने.'

'तुम्ही थांबा जरा,' मेट्रनबाई म्हणाल्या. 'मी त्यांना विचारते.' मग तिच्याकडे वळून, हळू आवाजात, 'तुम्ही सिस्टरना सांगितलं होतं का, की जळतंय?'

मला माहीत होतं पुढे काय होणार. ती हो म्हणणार. मग मेट्रनबाई त्या तीन चुकलेल्या टोचा मनात ठेवून माझ्याकडे बघणार, आणि मला वॉर्डातून काढून कागदांच्या खोलीत बसवणार. फाइलींना शिरा नसतात. मी तिथे किती दिवस जगेन याचा हिशोब मी त्या एका क्षणात केला, आणि आकडा फार लहान आला. ती बोलायच्या आधी मीच बोलावं, असंही मनात आलं. म्हणावं, हो, सांगितलं होतं. तोंड उघडलंही असेल. पण जीभ जागची हलली नाही, आपणच हात दाखवून अवलक्षण कशाला, असं काहीतरी ती जीभ आतल्या आत म्हणाली. घड्याळवालीने एक डोळा मिटला, दुसऱ्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे. चहाने लाल झालेल्या हाताकडे जरा जास्त वेळ.

'नाही,' ती म्हणाली.

'काय नाही?' भाऊ म्हणाला. 'अगं, तू मला सांगितलंस ना?'

'औषधाच्या गुंगीत काहीतरी बोलले असेन, दादा. सिस्टर मधे मधे विचारत होत्या. मीच नाही म्हटलं.'

'गुंगी? कसली गुंगी? वेड लागलंय का तुला? हात सडला तुझा.'

'दादा, उशीर होतोय. वर खुर्ची जाईल दुसऱ्या कुणाला.'

मेट्रनबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मला विचारलं, 'ताई, तुम्हाला काही सांगायचंय?' मी म्हटलं, 'मी विचारत होते मधे मधे.' माझा आवाज मलाच बरा वाटला. भाऊ उठला, खुर्ची मागे ढकलली, बहिणीकडे बघितलं आणि म्हणाला, 'मग कर तुझं तू.' तो दार न लावता गेला. ती डाव्या हाताने पिशवी उचलायला गेली, ती मी उचलली.

तिची पिशवी घेऊन मी जिना चढले. सुटले, सुटले, एवढं एकच आत वाजत होतं. आणि त्याच्या मागून दुसरं काहीतरी आलं, ऊब म्हणावी असं. हिने मला वाचवलं. का? हिला मी आवडते. मी झाडलं, मी हसले, तरी आवडते, आवडतात अशी माणसं, आईही मला आवडत होती. मी मनात ठरवून टाकलं की हिचं आता सगळं मी करणार. ड्रेसिंग मी करणार. सर्जनच्या मागे मी लागणार. डाव्या हाताला चिमटा धरायला शिकवणारे कुणी असतात का ते बघणार. दोन मजल्यांत मी तिच्यासाठी एवढं केलं की वर पोहोचेपर्यंत मला माझंच कौतुक वाटायला लागलं. तिला खिडकीजवळची खुर्ची दिली. उशी दिली. डाव्या हाताखाली गरम पाण्याची पिशवी ठेवली, शीर वर यावी म्हणून. कोपराखालची ती बारीक सरळ शीर हळूहळू दिसायला लागली. एकवीस दिवसांपूर्वी होती तिथेच होती. स्टूल ओढून बसले आणि मला राहवलं नाही.

'का गं खोटं बोललीस?' मी विचारलं. आवाजात लाड होते.

'खरं बोलले असते तर आज मला कोण टोचायला आलं असतं?'

'नवी सिस्टर.'

'तिला तीन टोचा लागतात,' ती म्हणाली. 'तुम्हीच सांगितलंत पहिल्या दिवशी.' तिने डाव्या हाताकडे बघितलं. 'शीर एकच आहे ह्या हातात. छातीतली नळी बसेपर्यंत दोन केमो ह्यातूनच.'

मी गरम पिशवी शिरेखाली नीट सरकवली. नव्या सिस्टरला तीन टोचा लागत नाहीत. कधी एक लागते, कधी दोन. तीन हा आकडा माझा होता.

'दादाला कळत नाही,' ती म्हणाली. रागाने नाही, गिऱ्हाइकाला घड्याळात काय बिघडलंय ते सांगावं तशी. 'त्याला वाटतं भांडलं की काम होतं. तुमचा हात चांगला आहे, पण राग आला की जड होतो. बसल्या बसल्या बघितलंय मी. त्या दिवशी मी वाकडी म्हटलं आणि तुमचा अंगठा जड झाला. म्हणून मग परत बोलले नाही. एकदाच बोलले, जळतंय म्हणून, तेही चुकलंच. आज खाली खरं बोलून वर येऊन तुमच्या हातात हात दिला असता, तर तो किती जड झाला असता?'

'मी नसते तसं केलं,' मी म्हटलं.

'बरं,' ती म्हणाली. आई शेवटी शेवटी असंच बरं म्हणायची.

मी पट्टा बांधला. स्पिरिटने पुसलं. शीर बोटाखाली आली, जिवंत, दाबली की उसळणारी. माझा भाजलेला हात चुरचुरत होता, त्याला हातमोजा घासत होता. मी कापसाची घडी उचलली आणि तिच्या समोर ट्रेच्या पलीकडे टाकली. म्हटलं, 'हे बघ, आज झाकणार नाही. उघडं ठेवते. तू बघ. वाकडी वाटली तर सांग.' तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मी वळवायच्या आधीच, आपलं आपण. 'अगं, बघ ना,' मी म्हटलं. 'नको,' ती झाडांकडे बघत म्हणाली. 'शिरा तुम्ही बघा.' पलीकडच्या खुर्चीतली बाई आमच्याकडे बघत होती, आज पहिल्यांदाच आलेली, डोळे मोठे केलेली, आणि मला ओरडून सांगावंसं वाटलं, हिच्यासारखी होऊ नकोस. पण ती तर आधीच आपला हात मांडीवर सरळ ठेवून बसली होती.

नव्या सिस्टरने बर्फाचं भांडं आणून ठेवलं. घड्याळवालीने तोंड उघडलं आणि वाट बघत राहिली. मी म्हटलं, 'बर्फ नंतर. आधी मला सांग, जळायला लागलं तर काय करायचं? मोठ्याने सांगायचं. मी लगेच थांबवीन. शपथेवर सांगते, थांबवीन. काय सांगायचं?' माझा आवाज चढला होता, ते मला ऐकू आलं, आणि तिलाही आलं असणार, कारण तिचा हात माझ्या बोटांखाली एकदम दगडासारखा स्थिर झाला. सुईचं टोपण मी अजून काढलंही नव्हतं.

'नाही जळत, सिस्टर,' ती म्हणाली.